दुधीचा मांडव कोणी नेला?

ऐरोलीच्या पोलीस ठाण्यातली ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. मी तिथे वरिष्ठ निरीक्षक होतो. होळीचा दिवस, बंदोबस्ताची धावपळ, आणि लेखी अर्ज घेऊन एका सोसायटीचे सेक्रेटरी तावातावाने समोर. सोसायटीमागच्या पडीक जागेवरचा राडारोडा उपसून रहिवाशांनी सामायिक भाजीमळा केला होता. रात्रीत तिथल्या दुधीच्या मांडवाचे सगळे बांबू गेले होते.

"साहेब, सीसीटीव्हीत गावठाणातला मुलगा दिसतोय. गुन्हा दाखल करा."

मुलगा माझ्या ओळखीचा. पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. चोरीचा गुन्हा नोंदला की त्याची वर्दी गेलीच!

"आधी घटनास्थळ पाहू," मी म्हणालो.

मळ्यात जाऊन चक्रावलो. बांबू गायब, पण एकही वेल तुटलेला नव्हता. सुतळीच्या गाठी हाताने सोडवलेल्या, वेल वाफ्यावर अलगद पसरलेले, कोवळ्या दुधींखाली सुकं गवत. चोर मालाची इतकी काळजी घेत नाही. नाक्यावरच्या चहावाल्याने हळूच टीप दिली, "साहेब, गावातला होळीचा ढीग बघा."

बांबू तिथेच होते. मुलाला बोलावलं. कितीही विचारलं तरी उत्तर एकच, "मी एकट्यानेच नेले, सर." गाठी कोणी सोडवल्या म्हटल्यावर मात्र त्याने मान खाली घातली. पोरगा कुणाला तरी पाठीशी घालत होता.

सेक्रेटरीही समोर बसून होते. तेवढ्यात त्याची आत्या ठाण्यात आली. साठी उलटलेली, आवाज खणखणीत.

"सायेब, होलीला पोरं लाकडं चोरतातच. गाठी मी सोडल्या. नायतर पोरांनी वेल तोडलं असतं."

"पण त्यांचाच मांडव का, आत्या?"

"आमची होली तिथंच लागते. यंदा यांनी कुंपन घातलं. आमाला कोनी इचारलं पन नाय."

"जागा पडीक होती," सेक्रेटरी म्हणाले.

"पडीक कशी? वर्सातून एक दिस आक्खा गाव असतो तिथं!"

सेक्रेटरींनी टेबलावरचा अर्ज उचलून खिशात घातला. "मला खरंच माहीत नव्हतं हो. कोपऱ्यातला पालक आजच काढतो. तेवढी जागा पुरेल?"

"पुरंल. मांडव मी बांदून देते. पन होलीत गेलेलं लाकूड मागू नका."

गावातला ढीग मळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात हलवला आणि संध्याकाळी होळी तिथेच पेटली. सोसायटीच्या बायका नारळ घेऊन आल्या, तर आत्या त्यांना कुठे उभं राहायचं ते दटावून सांगत होती. मीही बूट काढून नमस्कार केला. मोठमोठे गुन्हे उघडकीस आणूनही इतकं समाधान मला क्वचित मिळालं असेल. मुलाची पडताळणी निरंक गेली.

त्यानंतरच्या नोकरीत जागेचं कुठलंही भांडण आलं, की कागदपत्रं मागवण्याआधी मी आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचो, "इथे वर्षातून कधी कोण येतं?"