सुतळीची गाठ

लाखनीच्या बसस्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी एसटी रोज उशिरा येते, म्हणून मी रोज त्यांच्याजवळ उभी असते.

यंदा त्यांनी कुत्र्याचं एक पिल्लू पाळलं आणि धंद्याची पंचाईत झाली. शिवायला आलेली प्रत्येक चप्पल ते पळवायचं. माझ्या सँडलचा पट्टा चघळला, तेव्हा मी चिडले. "एक फटका द्या ना त्याला!"

काकांनी आरी खाली ठेवली. "काहून मारू जी? लहान होता तवा मीच त्याले जुनी चप्पल चावाले देल्ली. आता कोणती फाटकी अन् कोणती गिऱ्हाइकाची, त्याले कसं समजन?"

मग त्यांनी जाड सुतळीला गाठ मारली. पिल्लानं चप्पल धरली की काका न ओरडता सुतळी पुढे करत आणि चप्पल सुटली की त्याची पाठ थोपटत. दिवसातून वीसदा तरी हेच. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर "दम धरा" हे त्यालाच ऐकावं लागे.

परवा पिल्लानं माझी सँडल हुंगली, काकांकडे पाहिलं आणि जाऊन आपली सुतळी आणली. मी टाळ्याच वाजवल्या.

काकांच्या मागे एक पोतं असतं. लोक शिवायला टाकून विसरलेल्या चपला त्यात आहेत. "या कशाला सांभाळता?" मी विचारलं.

"येईन जी कोणी एखाद्या दिवशी. त्याले बिनचपलेचा वापस पाठवू का?"

पिल्लू हल्ली त्या पोत्यावरच झोपतं. कोणी हात लावला तर गुरगुरतं. ही सवय मोडायचं मात्र काका नाव काढत नाहीत.