पदवीपायी पडलेला दात

माझ्या वरच्या जबड्यात डावीकडं एक खिडकी आहे. तिथं दात होता. तो किडून पडला नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं तो धुण्याच्या मोगरीनं पाडला, भर दुपारी, आणि वादाचा विषय होता पदवी कामाची असते की बिनकामाची. इतक्या तात्त्विक चर्चेत रक्त सांडलेले विद्वान जगात थोडेच असतील. त्यांतला एक मी, आणि मला त्याचा भलताच अभिमान आहे.

भाऊ बारावी नापास. वाळूजच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मशीनवर. दर दोन-तीन वर्षांनी तिथं एक नवा पदवीधर येतो. मशीन कुठून चालू होतं हेही त्याला ठाऊक नसतं. भाऊ त्याला शिकवतो आणि सहा महिन्यांनी त्यालाच ‘सर’ म्हणायला लागतो. उलट मी बी.ए. झालो आणि सिडकोत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकतो. आजवर एकाही गिऱ्हाइकानं माझी पदवी विचारलेली नाही. ती ट्रंकेत कसरीनं खाल्ली, ते मला चार वर्षांनी कळलं. तेव्हा या विषयावर आम्हा भावांची मतं कशी असतील, ते सांगायला नको.

भावाच्या एकुलत्या एका मुलीला बी.एस्सी.ची पदवी मिळाली तेव्हा त्यानं आपल्याकडं सगळे बाप करतात तेच केलं. कागद घरी आणण्याआधी दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतला. तोही जाड, दोन्हीकडून. वर काचेची फ्रेम. मग देवघराशेजारच्या भिंतीवर खिळा.

पोरगी दोन वर्षं इथल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासत होती. तिला मस्कतहून त्याच कामाचं बोलावणं आलं, पगार पाचपट. अट एकच, महिनाअखेरपर्यंत पदवीच्या मूळ कागदाच्या पाठीवर सरकारी शिक्के मारून आणायचे. शिक्क्यांचं काम करून देणाऱ्या एजंटकडं आम्ही तिघं गेलो. त्यानं फ्रेम उलटीपालटी केली आणि कपाळावर हात मारला.

“चाचा, प्लॅस्टिकपे शिक्का बैठता क्या? शाई पुछ जाती. येको खोलके लाओ.”

भावानं टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली. “खोलके? माझ्या पोरीची पदवी हाय ती. शेंगदाण्याची पुडी हाय का?”

आम्ही दोघांनी त्याला ओढत बाहेर आणलं. रस्त्यात त्यानं जाहीर केलं, “तिला हात लावंल त्याचा हात तोडीन.” पोरगी म्हणाली, “पप्पा, शिक्का नाय तर मस्कत नाय.” उघडताना फाटली तर, एवढीच त्याला भीती होती. भीती वाटली की तो हात उगारतो, हे मी लहानपणापासून पाठीवर वाचत आलोय.

गुरुवारी त्याची सुट्टी. तो अंघोळीला गेला आणि पुतणीनं डाव साधला. मी फ्रेम उतरवली. मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी सतरंजी घातली. पोरगी कोमट इस्त्री फिरवायची, प्लॅस्टिक मऊ झालं की चिमट्यानं सोलायची. मी कडा धरून. शस्त्रक्रिया नामी चालली होती, तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं. टॉवेल गुंडाळलेला भाऊ, अंगावर अजून साबण.

“भिंतीवरून कोणी काढली?”

“मी,” मी म्हणालो. आणि तिथंच थांबलो असतो तर आज माझे दात पूर्ण असते. पण समोर श्रोता असला की मला राहवत नाही. “दादा, कागदच तर हाय. फाटला तर फाटला. माझा कसरीनं खाल्ला, मी मेलो का?”

पहिली थप्पड कानावर. डोक्यात सायरन. मी त्याच्या पोटात गुद्दा घातला, तो साबणावरून सटकला. “लई शाना झालास! तुला फुकट भेटली म्हणून किंमत नाय!” असं ओरडत त्यानं दगडावरची मोगरी उचलली आणि दिली ठेवून. दात तुटलेला मला आधी ऐकू आला, मग कळला. तोंडात गरम रक्त भरलं. मी त्याची मान काखेत धरून डोकं नळावर आपटलं. त्याची भुवई फाटली. तरी टॉवेल शाबूत! खरी करामत त्या गाठीची.

“निघाली!” पोरगी किंचाळली. प्लॅस्टिक अख्खं निघालं होतं. पदवी सतरंजीवर कोरी करकरीत.

नेमक्या त्याच क्षणी वहिनी धावत आल्या. “मरा दोघंबी एकदाच!” म्हणत त्यांनी पाण्याची बादली आमच्यावर रिकामी केली. आम्ही घसरलो. दोघं मिळून सतरंजीवर पडलो, आणि भावाचा गुडघा ओल्या पदवीतून आरपार गेला.

मग भाऊ मोगरीनं स्वतःच्याच कपाळावर मारायला लागला, एक, दोन, तीन. मी त्याच्या हाताला लोंबकळलो, तरी तो थांबेना. शेवटी पोरीनं मोगरी हिसकावली आणि भिंतीपलीकडं भिरकावली.

“पप्पा, पदवी माझी व्हती. तुमची नव्हती.” मग माझ्याकडं वळून, “अन् काका, तुमची तर नव्हतीच नव्हती.”

इतका नेमका मार मी कधी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीचा अर्ज. ‘मूळ प्रत खराब होण्याचे कारण’ या ओळीवर तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘वडील व काका यांची मारामारी.’ खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. एका भुवईला टाके, एक तोंड पपईएवढं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला. म्हणाल्या, महिना लागेल.

म्हणजे मुदत गेली. भाऊ पार्किंगजवळ खाली बसला. पोरीनं तिथंच उभ्या उभ्या मस्कतला फोन लावला, स्पीकरवर. इंग्रजीत बोलली. गयावया नाही, रडणं नाही. तिकडच्यानं काहीतरी विचारलं, तशी ती पाण्यातल्या क्षारांवर पाच मिनिटं असं बोलली की मी बी.ए. असून मला चारच शब्द कळले.

“काय म्हनतीय?” भावानं मला कोपर मारलं.

“म्हणतीय, कागद महिन्यानं पाठवते.”

“अन् ते?”

“ते म्हणतायत, थांबतो.”

“कागद नसताना?”

“नाय दादा, कागद येईपर्यंत.”

यात कोण जिंकलं, याचा आम्ही दोघंही हिशेब लावत राहिलो. त्याचा आधी लागला. तो उठला आणि आनंदानं माझ्या पाठीत असा दणका घातला की मी पुढच्या मोटारसायकलवर जाऊन आदळलो. ती शेजारचीवर, ती पुढचीवर. अख्खी रांग धडाधड आडवी. चहुबाजूंनी पोरं ओरडत धावली.

पुतणीनं फोनवर हात ठेवला. “आता पळा,” ती म्हणाली.