दोघांना पुरेल एवढी वाट

सोफेवाल्यांनी जन्मात कधी सहल आखली नव्हती. जुन्या सोफ्यांचं कापड उसवायचं, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, नवं कापड ताणून ठोकायचं आणि दुपारी एखाद्या गिऱ्हाइकाच्याच कोचावर घटकाभर पाठ टेकायची, यात त्यांची हयात गेली. पाय मोकळे करायला ते फार तर कोपऱ्यावरच्या वखारीपर्यंत जात, आणि तेही फळी हवी असेल तरच. असा माणूस गेला आठवडाभर कापड बेतायच्या टेबलावर समुद्रकाठच्या अभयारण्याचा नकाशा पसरून बसला होता. गिऱ्हाइकांचे कोच पोटं उघडी टाकून भिंतीशी ताटकळत होते.

कारण लेक येणार होती. घरी नाही. "त्या घरात मी पाय ठेवणार नाही," असं तिने आईला फोनवर सरळ सांगितलं होतं. "बाबांना बोलायचं असेल तर बाहेर कुठेतरी भेटू, दिवसभर चालू. समोरासमोर बसून तोंडं बघत राहणं मला जमायचं नाही. जागा त्यांनाच ठरवू दे. पण एकदाच हं आई. काही बोलले नाहीत तर मी परत विचारणार नाही."

झालं होतं ते असं. लेक एकदा नवऱ्याचं घर सोडून, बॅग घेऊन माहेरी आली होती. तिच्या दंडावरचा वळ सोफेवाल्यांनी पाहिला होता. पाहूनही ते म्हणाले, "जरा सांभाळून घ्यायला शिक." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून स्वतः तिला त्याच दारात नेऊन सोडलं. पुढे तिने एकटीनेच तिथून पाय काढला, दुसऱ्या शहरात नोकरी धरली, घटस्फोट घेतला. बापाशी मात्र ती त्या दिवसापासून बोलली नव्हती.

लोकांना वाटायचं, सोफेवाले आतल्या आत झुरत असतील. झुरत कसले! झुरले असते तर निदान जिवंत असल्यासारखं तरी वाटलं असतं. बायको रडायची, चिडायची, देवाला बोल लावायची आणि मोकळी व्हायची. यांना मात्र काहीच व्हायचं नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, गिऱ्हाइकांशी थट्टाही व्हायची. लेक येणार हे कळलं तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं आणि पुढचा खिळा ठोकला. आपल्याला आनंद कसा होत नाही, याची त्यांना थोडी भीती वाटली, पण तीही फार वेळ टिकली नाही.

आखणीत मात्र त्यांनी कसूर ठेवली नाही. अभयारण्याच्या चौकीवर फोन करून त्यांनी तिथल्या गार्डला पार भंडावून सोडलं. ओहोटी कधी, सावली कुठे, बसायला बाकं आहेत का, असतील तर त्यांना पाठ आहे का, आणि पाठ असेल तर ती किती कलती आहे.

"काका," शेवटी गार्ड म्हणाला, "तुम्ही फिरायला येताय की जागा विकत घ्यायला?"

त्याच्याकडूनच त्यांना फळ्यांची वाट कळली. दलदलीवरून जाणारी लाकडी वाट, दोन्ही अंगांना उंच गवत, ओहोटीला चिखलात उतरणारे पक्षी आणि टोकाला मचाण, तिथून थेट समुद्र. जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो. सोफेवाल्यांनी नकाशातल्या त्या वाटेवर लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि काम फत्ते झाल्यासारखा चष्मा काढून ठेवला.

दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने नकाशा थोडा सरकवला आणि ती लाल रेघ पाहिली.

"ही वाट केवढी रुंद आहे हो?"

"रुंद कशाला हवी? फळ्यांची आहे. एकामागून एक जायचं. कठडे आहेत, पडायची भीती नाही."

"पुढे कोण चालणार?"

"मीच. वाट मला पाठ झालीय."

"आणि ती?"

"माझ्या मागे."

बायकोने डबा उघडायला घेतला होता, तो तसाच ठेवला. "म्हणजे पोरीने एवढ्या लांबून यायचं आणि दिवसभर तुमची पाठ बघायची. बोलायचं कोणाशी? तुमच्या शर्टाशी?"

"दुसरी वाट रटाळ आहे," सोफेवाले म्हणाले. "गार्डच्या जीपचा कच्चा रस्ता. ना समुद्र दिसत, ना पक्षी."

"पक्षी बघायचेत असं ती म्हणाली होती का?"

सोफेवाल्यांनी नकाशाची दुमडलेली कड सरळ केली.

"तुम्हाला बोलायचंच नाहीये," बायको म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, म्हणून ते कानाआड करता येईना. डबा तिथेच ठेवून ती निघून गेली.

ते नकाशाकडे बघत बसले. कोणी शपथ घालून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की वाट पक्ष्यांसाठीच निवडली. पण सगळ्या अभयारण्यात जिथे दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत अशी एकच वाट होती, आणि त्यांनी नेमकी तीच शोधून काढली होती. इतकी लबाडी आपल्यात कुठे दडली होती, हे त्यांचं त्यांनाच कळेना. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं. ती लाज होती.

त्यांनी पुन्हा चौकीवर फोन लावला. जीपचा रस्ता दोघांना शेजारून चालायला पुरेल का, एवढंच विचारलं. "दोघांना? वरात जाईल काका," गार्ड म्हणाला.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिने उचलला.

"मी बोलतोय," सोफेवाले म्हणाले. "वाट बदललीय. आता जीपच्या रस्त्याने जायचं. बघण्यासारखं तिथे काही नाही, पण रुंद आहे. शेजारी शेजारी चालता येईल. बोलता येईल."

"काय बोलणार आहात?"

"ते तिथे गेल्यावर..."

"तिथे गेल्यावर कशाला, बाबा? आत्ता बोला ना."

समोर एक कोच उघडा पडला होता. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली, परत उचलली. काहीतरी सफाईदार सांगावं म्हणून ते शोधायला लागले, पण हाताशी काही येईना.

"मी तो वळ बघितला होता," ते म्हणाले. "बघून सोडलं तुला तिथे. लोक काय म्हणतील म्हणून. चुकलो मी."

पलीकडे तिचा श्वास अडखळल्याचं ऐकू आलं, आणि ती रडतेय हे त्यांना कळलं.

"एवढं म्हणायला," ती म्हणाली, "तुम्हाला अख्ख्या दिवसाची वाट लागणार होती का हो?"

सोफेवाले समोरच्याच कोचावर टेकले. कोचाला गादी नव्हती. उघड्या स्प्रिंगा अंगात रुतल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना ते दुखलं.