बुडावर लिहा

घरात तिला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. वैद्यकीयची जागा थोडक्या गुणांनी हुकली आणि तिने बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला, तेव्हा तिच्या शिंपी बाबांना या दोन गोष्टींतला फरक कोणी सांगितला नाही. तिनेही नाही. प्राध्यापकांनी पहिल्या दिवशी शेती, औषधं, संशोधन अशी सगळी दारं उघडून दाखवली होती. दुरून डोंगर साजरे. पदवीनंतर वर्गातली एक परदेशी शिकायला गेली, दोघे प्रयोगशाळेची उपकरणं विकत फिरू लागले, एकाने शिकवण्या काढल्या आणि ही डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या कारखान्यात जंतू मोजायला बसली.

थेंब बाटल्यांत भरताना यंत्राशेजारी जंतूंचं खाद्य घातलेली एक प्लेट उघडी ठेवतात. हवेतले जंतू तिच्यावर पडले, तर पाच दिवस उबेत ठेवल्यावर ठिपके उगवतात. ठिपके दिसले की ती बॅच बाद. प्लेट कुठल्या बॅचची, तो नंबर तिच्या बुडावर लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. कॉलेजात पहिल्याच प्रात्यक्षिकाला हे शिकवतात. नव्या मुलींना ती हे इतक्यांदा ऐकवायची की तिचं नावच ‘बुडावर लिहा’ पडलं होतं.

सहा वर्षांनी कंपनीच्याच संशोधन विभागात एक जागा निघाली. याच जागेसाठी तिने इतकी वर्षं ठिपके मोजले होते. मुलाखतीच्या सकाळी चार यंत्रांवर चार बॅच चालू होत्या. हिचं सगळं लक्ष घड्याळात. घाईत चारही नंबर तिने झाकणांवर लिहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पाच दिवसांनी साहेब हसतच आले. “झालं तुमचं काम, मॅडम. एक तारखेपासून संशोधनात.”

तिने आनंदातच प्लेटा बाहेर काढल्या. झाकणांना आतून वाफ धरली होती, म्हणून चारही काढून पुसली आणि एकावर एक ठेवली. मग सवयीने प्लेट उलटी करून नंबर बघायला गेली. बूड कोरं. चारही कोरी. आणि तिसऱ्या प्लेटवर तीन पिवळे ठिपके.

तिची पाचावर धारण बसली. काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं: साहेबांना सांगायचं, चारही बॅच थांबवायच्या. मग चूक तिच्या नावावर लागणार आणि संशोधनाची जागा दुसऱ्या कोणाला जाणार.

“काय निघालं?” साहेबांनी दारातून विचारलं.

“एकीत ग्रोथ आहे.”

“कुठल्या?”

सगळ्यात वरच्या झाकणावर जो नंबर होता, तो तिने सांगितला. ती बॅच जाळली. बाकीच्या तीन बाजारात गेल्या.

“तुमची नजर तयार आहे हं,” साहेब म्हणाले.

त्यानंतर तक्रार आली नाही. निदान तिच्यापर्यंत नाही. कुठे कोणाचा डोळा गेला असेल, तर माणूस नशिबाला बोल लावतो, थेंबांना नाही. संशोधन विभागात तिला मिळालं काय, तर त्याच थेंबांच्या बाटल्या किती महिने टिकतात हे बघण्याचं काम. चौदा वर्षं ती ते करते आहे. त्या दिवसाची तिला लाज वाटते, आणि ही लाज सांगायला जगात एकही माणूस नाही, हे तिला त्याहून जड जातं.

यंदा बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्याने दिलेले थेंब तिच्याच कंपनीचे होते. बाटली हातात आली तशी ती खिडकीपाशी गेली आणि बॅच नंबर वाचू लागली. त्या तीन बॅचची मुदत केव्हाच संपून गेली असणार, हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत? तरी तिने नंबर दोनदा वाचला. आज तिथे प्लेटा कोण ठेवतं, आणि आज कोणाला कसली घाई होती, हे मात्र नंबरावरून कळत नाही.

“काय बघतेस एवढं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. नंबर.”

“तुझ्या कंपनीचे आहेत ना, मग कशाला बघायचं? सुईत दोरा ओवता आला की झालं बघ माझं.” त्यांनी मान मागे टाकली आणि बोटाने पापणी ओढून डोळा उघडा धरला. “टाक, डॉक्टरीणबाई.”

तिने थेंब टाकला.