तेल लावलेली डाळ

पडद्यावर तिसऱ्यांदा लाल आलं. खरेदी केंद्रावरचं मशीन डाळीचा फोटो काढतं आणि एकेका दाण्याभोवती रेघ ओढतं, चांगल्याला हिरवी, खराबाला लाल. त्या दिवशी हिरवी रेघ शोधावी लागत होती.

"नापास," केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या. "चुरा नाही, सालही नाही. पण दाण्यांवर डाग आहेत."

तीनदा नापास झालेल्या गिरणीचा माल धाराशिवचं ते खरेदी केंद्र पुन्हा घेत नाही. बेंबळीत आम्हा सहा बायकांची तूरडाळीची गिरणी होती आणि माल घेणारं ते एकच गिऱ्हाईक उरलं होतं. माझी धाकटी जाऊ त्यातली एक. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, अंथरुणाला खिळलेला. गिरणी गावात होती म्हणून तिला दुपारी घरी जाऊन त्याला भरवता यायचं.

पहिल्यांदा चुरा जास्त निघाला, तेव्हा आम्ही तूर भिजवायची रीत बदलली. दुसऱ्यांदा साल राहिली, तेव्हा डाळ दोनदा पाखडली. तिसरा माल माझ्या जन्मात पाहिला नव्हता इतका चांगला निघाला.

जाऊ मॅडमवर खेकसली, "तुमचं मशीन खोटं बोलतंय. डोळे हैत का त्याला? डाग कुठं हैत, दावा की!"

मॅडमनी चार दाणे बोटांत चोळले, बोटं रुमालाला पुसली. रुमालावर पिवळट डाग पडला.

"तेल लावलंय का?"

"न्हाय बाई," जाऊ म्हणाली. "तुमच्या कागदावर लिवलंय ना, लावायचं न्हाय म्हणून. भिंतीलाच चिकटवलाय आमी. कुणीबी लावलं न्हाय."

ती शपथेवर बोलत होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते.

तो कागद मी वाचला होता. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं. तरी माल भरायच्या दिवशी सगळ्या जेवायला गेल्यावर मी एरंडेल तेलाचा हात प्रत्येक पोत्यातून फिरवला. थोडंच लावलं, कुणाला कळू नये इतकं. डाळ कोरडी, रुक्ष दिसत होती. चाळीस वर्षं बाजारात व्यापारी मूठभर डाळ उचलायचा, चकाकी बघायचा आणि मगच भाव बोलायचा. बिनतेलाची डाळ बाहेर पाठवणं मला लेकीला वेणी न घालता सासरी धाडण्यासारखं वाटलं. पोत्यात त्या तेलाला डाळीचाच भुगा चिकटला. फोटोत तेच डाग दिसले.

"म्या लावलं," मी म्हणाले.

जाऊनं माझ्याकडं पाहिलं. "अक्का, खरं सांगा."

"खरंच सांगते. म्याच लावलं."

"सगळ्या पोत्यांना?"

"सगळ्या."

ती खाली बसली. दुसरी एक जण म्हणाली, "म्हातारीच्या हाताला तेलाबिगर चैन पडत न्हाय. आता घ्या, बसा चोळत."

मी मॅडमना म्हणाले, "चूक माझी हाय. मला काढा, गिरणी राहू द्या. ह्या बायांनी काय केलं न्हाय."

"आजी, मशीनला माणूस कळत नाही. त्यात गिरणीचा नंबर आहे, तो बंद झाला."

मी हात जोडले, पायही धरायला वाकले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं आणि पुढचा नमुना मशीनमध्ये सरकवला. पोती टेंपोत परत चढवली. जाऊ माझ्याशी नंतर कित्येक दिवस बोलली नाही.

गिरणीला कुलूप आहे. चौघी रोजानं शेतात जातात. जाऊ सकाळच्या एसटीनं धाराशिवला एका वसतिगृहात भाकरी करायला जाते, दिवस मावळता येते. दुपारी दिराला मी भरवते.