वुबकेचा राजीनामा

वुबके ओल्टमान्सनं एकोणतीस वर्षं चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांना सूर लावला, आणि आता तिला करंगळीएवढ्या नळ्यांचा सूर ऐकूच येईना. माणसांचं बोलणंही ओठ बघून ओळखावं लागायचं. बाईनं हे सांगितलं कुणाला? कुणालाही नाही! भागीदार फोको टियार्क्सला तर मुळीच नाही. ऑर्गन बनवायचा कारखाना दोघांचा निम्मा-निम्मा, दोघंही संचालक. लाकूडकाम त्याचं, सूर हिचा. सूर लावणारी बहिरी झाली हे एकदा फुटलं, की जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पूर्व फ्रीसलंडातलं कुठलं चर्च तिला दारात उभं करणार होतं? म्हणून तिनं दोन ओळी खरडल्या: खासगी कारणासाठी संचालकपद सोडते, माझा हिस्सा तू घे.

फोकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाच्या वेळी तो समोर येऊन बसला.

"खासगी म्हणजे काय गं? ब्रेमेनच्या ऑर्गनवाल्यांनी फोडलं ना तुला?"

"चहा पी. गार होतोय."

"उत्तर दे!"

"दिलंय. पत्रात."

आमच्याकडे तीन कप झाल्याशिवाय कुणी चहावरून उठत नाही. फोको पहिला कप अर्धा टाकून उठला. त्यानंतर दोन महिने दोघं एका छपराखाली चिठ्ठ्या पाठवून कामं करत होते. चिठ्ठ्या वुबकेच्या सोयीच्याच होत्या, आणि याची तिला मनातून लाज वाटायची.

सगळा विचार केला होता तिनं, एक सोडून. सहीआधी नोटरीनं अख्खा दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा, एक शब्द गाळायचा नाही, असा कायदाच आहे. मग तिनं घरी आलेला मसुदा परीक्षेसारखा पाठ केला.

नोटरीबाई वाचायला लागल्या त्या मान खाली घालून. ओठ दिसेनात. वुबकेच्या कानात नुसती गुणगुण. पान उलटलं की ती मान हलवायची. फोको एकटक तिच्याकडे बघत होता, शिकार बिळाबाहेर येण्याची वाट बघावी तसा.

एका ठिकाणी नोटरीबाई थांबल्या आणि त्यांनी मान वर केली. "ओल्टमान्सबाई, मंजूर आहे?"

"मंजूर."

फोको ताडकन उठला. "मंजूर? हे तुला मंजूर?"

"हो म्हटलं ना!"

त्याचा चेहरा उतरला. तो खिडकीकडे गेला आणि पाठमोराच काहीतरी बोलला. वुबकेला दिसली फक्त त्याची पाठ. आता काय बोलावं? मारला तिनं अंदाजानं खडा.

"हो," ती म्हणाली.

नोटरीबाईंनी पेन खाली ठेवलं. फोको सावकाश वळला.

"मी विचारलं, किती वाजले."

वुबकेनं मान खाली घातली. इतकं उघडं पडल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यानं जवळ येऊन, तोंड तिच्यासमोर धरून विचारलं.

"दीड वर्ष झालं."

"मग माझ्या वाचण्याला अर्थ नाही," म्हणत नोटरीबाईंनी कागद तिच्यापुढे सरकवले. "तुम्हीच वाचा. सगळं."

ती वाचत गेली. सातवं कलम पाठ केलेल्यात नव्हतंच. ओल्टमान्स हे नाव कारखान्याच्या पाटीवरून आणि आजवर बनवलेल्या प्रत्येक ऑर्गनवरून काढून टाकण्यात येईल. वुबकेनं ते दोनदा वाचलं.

"हे कुणी घातलं?"

"मी. आज सकाळी."

"का रे? इतकी नकोशी झाले?"

"भांडशील म्हणून!" फोकोचा आवाज चिरकला, तिला तो त्याच्या गळ्याच्या शिरांवरून कळला. "पाटीवरचं नाव काढतो म्हटल्यावर तू माझं डोकं फोडशील, दस्त फाडशील आणि राहशील, असं वाटलं मला."

"फोडलं असतं रे," ती म्हणाली, "ऐकू आलं असतं तर."

नोटरीबाईंनी न विचारता सातवं कलम खोडलं. वुबकेनं पद सोडल्याची सही केली आणि पेन पुढे केलं. भरल्या डोळ्यांनी फोकोला सहीची जागाच दिसेना. शेवटी तिनं त्याचं मनगट धरून पेन ओळीवर टेकवलं.