परातीतलं दूध

अक्कांना किळस फार. सासूबाई त्या माझ्या, पण घरीदारी सगळे त्यांना अक्काच म्हणत. पाण्याच्या ग्लासावर बोटाचा ठसा दिसला की "शी". लग्नाच्या जेवणात कुणी चाटलेला चमचा पुन्हा भाजीत बुडवला की "शी", आणि मग त्या पंक्तीतून सरळ उठत. बसच्या खिडकीतून कुणी माव्याची पिचकारी मारली, तर मात्र नुसत्या "शी"वर भागत नसे. त्या माणसाच्या खांद्यावर टकटक करून, "घरच्या भिंतीवर पण असंच थुंकता का?" असं त्या विचारत. तेही गुजरातीत. मराठीत विचारलं तर "समजलं नाही" म्हणायला तो मोकळा, असं त्यांचं म्हणणं.

लग्न होऊन मी सुरतेला, पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा या किळसेचा मला जाच वाटायचा. सकाळी दुधाची पिशवी आली की ती आधी नळाखाली धुवायची. मग कात्रीने कापायची, आणि त्या कात्रीने दुसरं काही म्हणजे काही कापायचं नाही. दूध तापलं की अक्का पातेल्यावर वाकून वास घेत. "एवढं काय तपासता?" मी एकदा विचारलं. "मग नाक काय नुसतं चष्मा अडकवायला दिलंय?" त्या म्हणाल्या.

पण त्यांची किळस कशाला लागू होती आणि कशाला नाही, हे कळायला मला वेळ लागला. नवागामच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची मुलं. नाकं वाहणारी, नखांत काळं साचलेली. त्यांची नाकं अक्का स्वतःच्या रुमालाने पुसत, नखं कापत, उवांवर औषध लावत. त्यांच्याबरोबरच्या एक बाई मला सांगायच्या, "आम्ही लांबून शिकवायचो, त्या मांडीवर घेऊन." मी अक्कांना त्याबद्दल विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. "काहून बाप्पा, पोराची कसली किळस? शेंबूड पुसला की गेला."

आमची मनू सव्वा वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. माझा नवरा नीलेश कापड मार्केटमधल्या एका साडीच्या पेढीवर हिशेब सांभाळतो. पेढीचा रौप्यमहोत्सव होता आणि शेठनी सगळ्या स्टाफला कुटुंबासह क्रूझवर न्यायचं ठरवलं. दुपारी बंदरावरून निघायचं, समुद्रात फिरायचं, संध्याकाळी परत. नीलेशने आठवडाभर आधी नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. मनूला दाढा येत होत्या, ती अन्न तोंडात धरत नव्हती, फक्त दूध पीत होती. म्हणून मी दूध उकळून थर्मास भरून घेतला.

जहाजाच्या फाटकावरच्या माणसाने पिशवीतून तो थर्मास काढला. बाहेरचं खाणंपिणं चालणार नाही म्हणाला. "लहान बाळाचं दूध आहे, हवं तर वास घेऊन बघ," अक्का म्हणाल्या. "अंदर सब मिलेगा, माजी," असं म्हणत त्याने थर्मास उघडला आणि दूध शेजारच्या पिंपात ओतलं. त्या पिंपात माव्याचे थुंके होते, उष्ट्या प्लेटा होत्या, कुणी तरी टाकलेला अर्धा वडापाव होता. त्यावरून ते पांढरंशुभ्र दूध खाली ओघळत गेलं. मी नीलेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "मिळेल ना आत. पाठीमागे लाइन लागलीय, चल."

आत गालिचा होता आणि गालिच्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता. कर्कश गाणी लावली होती. लोक आठवडाभर उपाशी असल्यासारखे टेबलांवर तुटून पडले होते. एका प्लेटमध्ये ढोकळा, नूडल्स, आइस्क्रीम, आणि अर्धं तसंच टाकून पुन्हा नवी प्लेट. जहाज जरा डोलायला लागलं तेव्हा खाल्लेलं बाहेर यायला लागलं. कुणी बेसिनमध्ये, कुणी शोभेच्या झाडाच्या कुंडीत. ओकून आलेला एक गृहस्थ पुन्हा गुलाबजामच्या रांगेत उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. अक्का पदर नाकाला लावून खिडकीशी बसून होत्या.

मनू रडायला लागली तशी मी दूध शोधायला उठले. वाढणाऱ्याने सांगितलं, दूध नाही. चहाच्या टेबलावर पावडर होती. ती गरम पाण्यात कालवून मनूला पाजली. दोन घोट गेले आणि ती सगळं माझ्या अंगावर ओकली. तेवढ्यात लाउडस्पीकरवर सांगितलं, खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली आहे, भरतीचं पाणी चढेपर्यंत जहाज आत नेता येणार नाही, तोवर मजा करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनूचा आवाज तोपर्यंत बसत आला होता. रडताना मध्येच ती नुसता जबडा उघडायची, आवाज यायचाच नाही.

मी पुन्हा वाढणाऱ्याकडे गेले. या वेळी अक्काही आल्या. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "दूध वरच्या डेकवर आहे. सगळं तिकडेच मागवलंय. शेठचा कार्यक्रम आहे." अक्कांनी मनूला माझ्याकडून घेतलं, कडेवर बसवलं आणि जिन्याकडे निघाल्या. मी मागोमाग.

वरच्या डेकवर शेठ आणि शेठाणी लाल मखमलीच्या खुर्च्यांवर बसले होते. दोघांचे पाय एका भल्यामोठ्या परातीत. मॅनेजर माइकवर एकेकाचं नाव घेत होता. नाव घेतलं की तो माणूस पुढे यायचा, गुडघे टेकायचा, तांब्याने शेठच्या पायांवर दूध ओतायचा आणि कपाळ पायाला लावायचा. फोटोवाला फोटो काढायचा. परातीतलं दूध मळकट झालं होतं, त्यात फुलांच्या पाकळ्या आणि कुंकू तरंगत होतं. लोकांच्या कपाळावरून दूध ओघळत होतं आणि ते हसत होते. आम्ही पोचलो तेव्हा नीलेश गुडघ्यांवर होता. नवा शर्ट, हातात तांब्या.

मला जी किळस आली तिला नाव नाही. खालच्या कुंड्यांत ओकलेलं त्यापुढे स्वच्छ होतं.

मॅनेजरला मनूचं रडणं ऐकू आलं. "बेन, छोकरीने नीचे लई जाव," पोरीला खाली न्या, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तिला दूध हवंय. तो हसला, एक ग्लास उचलला, परातीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "लो ने, प्रसाद छे."

अक्का "शी" म्हणाल्या. अख्ख्या वर्गाला ऐकू जावं अशा आवाजात. गाणं कुणी तरी बंद केलं.

"नीलेश, उठ," अक्का म्हणाल्या.

"अक्का, सगळ्यांसमोर नको," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"सगळ्यांसमोरच तर करतोयस."

शेठ म्हातारे गृहस्थ. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "शुं थयुं, माजी?" अक्कांनी गुजरातीत सांगितलं की, माझी नात दुपारपासून उपाशी आहे आणि तुम्ही दुधात पाय घालून बसला आहात. शेठ मनूकडे बघत राहिले. मग त्यांनी मॅनेजरकडे नुसता हात केला. टेबलाखालच्या बर्फाच्या पेटीतून एक न फोडलेली पिशवी निघाली. अक्कांनी ती घेतली. नीलेश उभा राहिला होता, पण आमच्याबरोबर आला नाही.

जहाजाचं स्वयंपाकघर म्हणजे तेलाचा चिखल होता. पायाखाली चपला चिकटत होत्या. एरवी बाहेरचं पाणीही न पिणाऱ्या अक्का तिथे साडी खोचून उभ्या राहिल्या. एका काळ्या पातेल्याला त्यांनी मीठ आणि उरलेल्या लिंबाच्या साली लावून घास घास घासलं. कात्री नव्हती, त्यांनी पिशवीचा कोपरा दातांनी फाडला. दूध उकळलं, गार केलं आणि चमच्याचमच्याने मनूला पाजलं. मनूने निम्मं पिऊन त्यांच्या खांद्यावर ओकलं. अक्कांनी तिचं तोंड पुसलं, पाठ थोपटली आणि उरलेलं पाजायला घेतलं. ती तशीच त्यांच्या ओल्या खांद्यावर झोपली. जहाज बंदराला लागेपर्यंत अक्कांनी साडीला पाणीसुद्धा लावलं नाही, पोर जागी होईल म्हणून.

घरी आल्यावर नीलेश फुटला. "माझी नोकरी घालवलीस तू!"

"दुसरी मिळेल," अक्का म्हणाल्या. "गुडघे एकदा टेकायची सवय लागली की मग उठवत नाही रे."

नोकरी गेली नाही. ऑफिसात त्याला मॅनेजर "दूधवाला" म्हणू लागला एवढंच. त्याचा राग नीलेशने आईवर काढला. ओरडून नव्हे, "जेवण झालं", "येतो", "हो", एवढंच बोलून. मला त्याचीही किळस यायची. पायांवर डोकं ठेवताना ज्याला लाज वाटली नाही, त्याला आईची लाज वाटत होती. हिवाळ्यात बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून अक्का अकोल्याला गेल्या. निघताना त्यांनी नीलेशच्या दाराशी थांबून सांगितलं, "पोचल्यावर फोन करते." त्याने "हं" म्हटलं, मान वर केली नाही. अकोल्यातच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. नीलेशने सगळे विधी बिनचूक केले. रडला नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला क्रूझ नव्हती. चलथाणकडच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी गेले नाही. संध्याकाळी नीलेश ठरल्यापेक्षा लवकर घरी आला. धावत जिना चढला असावा, धाप लागली होती. दारातच उभा राहून सांगायला लागला. पुन्हा तीच परात मांडली होती. मॅनेजरने त्याचं नाव पुकारलं. तो पुढे गेला, उभ्यानेच हात जोडले आणि म्हणाला, "शेठ, नमस्कार. पण हे मला जमणार नाही." शेठनी परातीतून पाय मागे घेतले. मागच्या रांगेतला एक जण गुपचूप आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

"अक्काला फोन लाव," नीलेश म्हणाला. "मला सांगू दे तिला."

माझ्याकडे बघता बघता त्याचं त्यालाच आठवलं. तो उंबऱ्यावरच, बूटसुद्धा न काढता, खाली बसला आणि आईसाठी पहिल्यांदा रडला.